खरवडलेली जागा

सिग्नल लाल होता म्हणून त्याला आपली बायको दिसली. एवढ्या मोठ्या आकारात ती त्याला पूर्वी कधी दिसली नव्हती, आणि उलटी तर नाहीच. चौकातल्या इमारतीच्या डोक्यावर होर्डिंग होतं, होर्डिंगवर त्यानंच काढलेलं चित्र होतं, आणि चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात, तळ्याच्या पाण्यात, पिवळा स्वेटर घातलेली एक बाई डोकं खाली, पाय वर अशी उभी होती. काठावर कोणी नव्हतं. पाण्यातले पाय ज्या पायांना टेकायला हवे होते त्या जागी नुसती दगडी फरशी होती, स्वच्छ, कोरडी, दुपारच्या उन्हातली. सिग्नल हिरवा झाला. मागच्या माणसानं कोपर लावलं, "काका, चला, का इथंच संसार मांडताय?" तो चालू लागला. रस्ता ओलांडताना त्यानं दोनदा मान वळवली. दुसऱ्यांदा वळवली तेव्हा त्याला वाटलं, बाईचा चेहरा आपल्याकडे आहे. हे शक्य नव्हतं. त्यानं ती पाठमोरी काढली होती. गेली कित्येक वर्षं तो तिला पाठमोरीच काढत आला होता. चित्र एवढं फुगवलं की रंगाचे ठिपके सुटे होतात आणि सुट्या ठिपक्यांत माणसाला कशातही तोंड दिसतं, हे तो शिकलेला माणूस असल्यामुळे त्याला माहीत होतं. तरी पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर तो होर्डिंगकडे पाठ करून उभा राहिला, घरात भांडण झाल्यावर खिडकीपाशी उभा राहायचा तसा.

न बांधलेल्या इमारती काढणं हा त्याचा धंदा. आर्किटेक्टच्या ऑफिसात अशा चित्राला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, आणि ते काढणाऱ्याला, तो खोलीत नसताना, पाणीवाला म्हणतात. कारण त्याच्या प्रत्येक इमारतीसमोर पाणी असे. हॉस्पिटलसमोर पाणी, बँकेसमोर पाणी, आयकराच्या कचेरीसमोर तर एवढं पाणी की कर भरायला होडीनं जावं लागेल. शहरात तळं एकही नव्हतं. "पाण्यामुळे इमारत दुप्पट दिसते," साहेब गिऱ्हाइकांना सांगत, "आणि खालच्या अर्ध्या इमारतीला परवानगी लागत नाही." गिऱ्हाईक हसे, साहेब हसत, तो ब्रश धूत असे. ऑफिसातली बाकी मंडळी केव्हाच कॉम्प्युटरवर गेली होती. त्याला ठेवला होता तो एवढ्यासाठी की हातानं मारलेली थाप लोकांना जास्त खरी वाटते. इमारती पुढे उभ्या राहत, त्यांच्यासमोर गाड्या लावायची जागा होई, आणि तळं कुठं गेलं असं विचारायला कोणी येत नसे. त्याला वाटे, निदान एकानं तरी यावं. चिडून यावं.

पाणी काढायची त्याची रीत मात्र खरी होती. वरची इमारत पुरी झाली की तो चित्राचा बोर्ड उलटा करी आणि पाण्यातली इमारत सरळ उभी असल्यासारखी, वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातानं काढल्यासारखी काढी. प्रतिबिंब म्हणजे वरच्या वस्तूची नक्कल अशी लोकांची समजूत असते. तसं नसतं. पाणी आपल्याला खालून बघतं. वरून न दिसणारं गच्चीचं पोट पाण्यात दिसतं, पुलाच्या कमानीची काळी आतली बाजू दिसते, काठावरच्या माणसाची हनुवटी दिसते. जणू तळाशी, आपला डोळा पाण्याच्या जितका वर तितकाच खाली, कोणीतरी उभा राहून तीच इमारत बघतोय. तरुणपणी हे लक्षात आलं तेव्हा तो इतका हरखला होता की ते कोणाला तरी सांगणं भाग होतं, आणि सांगण्यासारखी जवळ एकच व्यक्ती होती: ट्रेसिंग सेक्शनमधली मुलगी. पारदर्शक कागदावर शाईनं नकाशे उतरवायचं तिचं काम. तो तिला पाणीपुरवठ्याच्या टाक्यांवर घेऊन गेला. लांबरुंद उघड्या टाक्या, मधून सिमेंटची अरुंद वाट, आणि क्लोरीनचा वास. फिरायला नेण्याच्या जागा म्हणून लोक ज्या सुचवतात त्यांत ही बसत नाही. तिनं स्वतः विणलेला पिवळा स्वेटर घातला होता. "तिथं कडेला उभी राहा," तो म्हणाला. "पुढे?" "थोडी पुढे." "अहो, पडेन मी." "पडलीस तर प्रतिबिंब राहील की," तो म्हणाला, आणि आपण फार मजेदार बोललो असं त्याला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. तीही हसली होती. हसताना तिनं खाली पाहिलं, आणि पाण्यातल्या बाईनं वर.

मापाला माणूस लागतो. माणसाशिवाय इमारतीला उंची नसते. ती कपाटाएवढी असू शकते नाहीतर डोंगराएवढी. दुसरे चित्रकार छापील पुस्तकातली माणसं उतरवत, हातात ब्रीफकेस घेतलेली, कुठलीशी घाई असलेली. त्यानं टाक्यांच्या कडेची ती पाठमोरी मुलगी घेतली आणि मग दुसरं कोणी घेतलंच नाही. लग्न झालं, मुलगी झाली, ट्रेसिंग सेक्शन बंद झाला, ती घरी बसली. पण शहरात जी जी मोठी इमारत उभी राहिली तिच्यासमोर, ती उभी राहण्याआधी, ही उभी होती. पूर्वी तो बोर्ड घरी आणी तेव्हा ती हात पुसत येऊन एकच विचारी, "यात मी कुठे आहे?" त्यानं बोट दाखवायचं नाही असा नियम होता. ती शोधून काढी आणि म्हणे, "हं, बरी जागा दिलीत या वेळी. सावली आहे." वर्षांमागून वर्षं गेली तशी तिनं नकळत त्या चित्रातल्या बाईलाही आपल्याबरोबर घेतलं असावं, किंवा त्याच्या हातानं घेतलं असावं. खांदे जरा खाली आले. वजन एका पायावर गेलं. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ते आलं बिल्डरच्या.

"चित्र एकदम फस्क्लास," बिल्डर म्हणाला होता. मीटिंगची लांब खोली, टेबलावर बोर्ड, बाजूला साहेब. "पाणी तर असं की हात धुवावेसे वाटतात. फक्त ती बाई काढा."

"कोणती बाई?" साहेबांनी चष्मा चढवला. इतक्या वर्षांत त्यांना ती दिसली नव्हती.

"ही काय, काठावरची. जरा वयस्कर वाटते."

"पाठमोरी आहे ती," तो म्हणाला.

"पाठीवरूनच तर कळतं!" बिल्डर मोकळेपणानं हसला. वाईट माणूस नव्हता. "आमचं गिऱ्हाईक म्हणजे तरुण जोडपी. त्यांना असं वाटायला नको, की इथं आधीपासूनच कोणीतरी राहतंय."

बोटाच्या पेराएवढी बाई. तिला नाक नव्हतं, डोळे नव्हते, केसांचा एक फटकारा आणि स्वेटरचा एक. त्यानं अर्धं ब्लेड घेतलं, कागदावर जवळजवळ आडवं धरलं, आणि श्वास रोखून एकाच दिशेनं खरवडायला लागला. रंग पिठासारखा निघाला. फुंकर मारली, गेला. मग नखाच्या पाठीनं जागा घोटली, फरशीच्या रंगाचा अगदी कोरडा हात फिरवला. चहा यायच्या आत काम संपलं. कुठं काही होतं असं कोणी शपथेवरही सांगितलं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याला जरा अभिमानच वाटला. पाण्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाण्यातली बाई त्यानं वेगळ्या दिवशी, बोर्ड उलटा करून काढली होती. त्याच्या हाताच्या लेखी त्या दोन निराळ्या बायका होत्या. आणि त्याला काठावरची काढून टाकायला सांगितली होती. सांगितलं तेवढंच करायचं, ही सवय नोकरीत चांगली समजतात.

होर्डिंग दिसलं त्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा दार उघडंच होतं. "पाय पुसून या," ती आतून म्हणाली. बाहेर रस्ता खडखडीत कोरडा. त्यानं पाय पुसले. हे वाक्य हल्लीचं होतं, आणि हल्लीचं आणखी बरंच काही होतं, जे त्यानं एकेक करून ऐकलं होतं पण एकत्र कधी मांडलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचं आपोआप उघडणारं काचेचं दार तिच्यासाठी उघडेनासं झालं होतं. ती दारासमोर उभी राही, दार तिच्याकडे बघत राही. मागून तो आला की उघडे. त्यानं ही गंमत ऑफिसात सांगितली होती, चांगली रंगवून. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलेल्या मुलीनं तिच्या देखत त्याला विचारलं होतं, पेशंट आलेत का बरोबर? आणि रविवारी दुसऱ्या गावाहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला की ती म्हणायची, "बाबा, आई कुठेय?" "ही काय, माझ्या शेजारी." "आई, अगं नीट समोर ये ना. नुसता सोफा दिसतोय." दोघी मग फोनवर जोरजोरानं हसत, एक सोफ्यावरून आणि एक सोफ्याकडे बघून. एकदा सकाळी ती म्हणाली होती, "मी हल्ली दिसत नाही वाटतं लोकांना."

"वय झालं की होतं असं," तो म्हणाला होता.

"तुम्हाला दिसते ना?"

"दिसते की," तो म्हणाला होता, पेपरातून मान वर न काढता.

आता तो खोलीभर तिला शोधत होता. ती खिडकीपाशी होती. खिडकीतला उजेड आणि ती यांच्यात नक्की सीमा कुठं हे ठरवायला त्याला क्षणभर लागलं. जलरंगात असं होतं. कागद ओला असताना कड मारली की कड राहत नाही. "कुठे जाऊन आलीस?" त्यानं विचारलं, कारण तिच्या कपड्यांची खालची कड भिजलेली होती. "जरा फिरून आले. तळ्यापर्यंत." "कुठलं तळं?" "तुमचंच," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली. त्यानं वर पाहिलं. छतावर उजेड हलत होता. बारीक सोनेरी जाळी, तुटणारी, परत जुळणारी, सरकत भिंतीपर्यंत येऊन परत जाणारी. खालून गाडी गेली की काचेचा उजेड छतावर येतो, पण तो एक पट्टा असतो आणि तो जातो. हा जात नव्हता. त्यानं बाथरूममध्ये जाऊन बादली पाहिली, रिकामी होती. खिडकीतून वाकून पाहिलं. तीन मजले खाली धूळ, दोन स्कूटर आणि वाळत घातलेली सतरंजी. अशी जाळी कशानं पडते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यासाठी ऊन लागतं, आणि ऐसपैस पाणी, आणि पाण्यात नुकतंच कोणीतरी हललेलं असावं लागतं.

आठवडा संपायच्या आत साहेबांनी बोलावलं. फ्लॅट बघायला आलेल्या कोणीतरी विचारलं होतं की तुमच्या तळ्यात बाई बुडालीय का. बिल्डर खवळला होता. "मूळ चित्र त्याला सेल्स ऑफिसात फ्रेम करून लावायचंय," साहेब म्हणाले. "होर्डिंगही नवं छापताहेत. ती पाण्यातली बाई काढून टाक. तुझ्याच हातानं काढ, बाकीच्यांना जमणार नाही. आणि काय रे, अशी चूक तुझ्याकडून?" बोर्ड त्यानं ब्राऊन पेपरात गुंडाळला आणि बऱ्याच दिवसांनी घरी आणला.

रविवार होता, दुपारची वेळ. त्यानं जेवणाच्या टेबलावर बोर्ड ठेवला, पेल्यात पाणी घेतलं, ब्लेड मोडून अर्धं केलं. ती हात पुसत आली. तो मनात म्हणत होता, आज विचारू नकोस.

"यात मी कुठे आहे?"

त्यानं बोट दाखवलं नाही, नियमच होता. ती काठावरून शोधत निघाली, डावीकडून उजवीकडे, जिन्यापाशी, झाडाखाली, कमानीत. परत डावीकडे आली. मग तिची नजर खाली उतरली आणि तिनं मान वाकडी केली. "अगंबाई. ही इथं आहे मी. अशी उलटी का?" तिनं बोर्ड उचलला, उजेडाकडे तिरका धरला, आणि काठावरच्या त्या जागेवरून करंगळीची कड हलकेच फिरवली. हा हात त्याला ओळखीचा होता. ब्लेड आडवं धरायचं, श्वास रोखायचा, एकाच दिशेनं जायचं, हे सगळं ट्रेसिंग सेक्शनमध्ये तिनंच त्याला शिकवलं होतं, शाईचा डाग पडला होता आणि तो रडकुंडीला आला होता त्या दिवशी. "छान खरवडलंय," ती म्हणाली. "नखानं घोटलंत ना नंतर?"

"हो."

"कळत नाही अगदी."

"ते म्हणाले, वयस्कर वाटते."

"पाठीवरून?"

"पाठीवरूनच कळतं म्हणे."

ती हसली. खरंच हसली, टाक्यांच्या वाटेवर हसली होती तशी. मग पेल्याकडे आणि अर्ध्या ब्लेडकडे पाहून थांबली. "आणि आता?"

"आता पाण्यातलीही काढायचीय."

छतावरची जाळी थांबल्यासारखी झाली. "मग काढा की," ती म्हणाली. "काम आहे ते तुमचं." आणि आतल्या खोलीत गेली. जाताना तिची पावलं वाजली नाहीत. त्यानं कान देऊन ऐकलं. पलंग करकरेल, कपाटाचं दार लागेल. काही नाही. शेजारच्या घरातला मिक्सर तेवढा ऐकू येत होता.

त्यानं ब्लेड बाजूला ठेवलं आणि ब्रश उचलला. पिवळा रंग कालवला, तिचा जुना पिवळा, थोडी माती घातलेला, आणि काठावर, तिच्या जागेवर, एक फटकारा मारला. कागदानं तो प्यायला. खरवडलेल्या कागदाची खळ गेलेली असते. तो रंग धरत नाही, पितो. पिवळा डाग कडा सोडून फरशीभर पसरला, भिंतीवर ओल यावी तसा, आणि मधून बाईचं काहीच वर आलं नाही. टिपकागदानं टिपला. परत केला, जाडसर, कोरडा. परत पसरला. हे त्याला आधीच माहीत होतं. तरी त्यानं ते करून पाहिलं, कारण दुसरं काय करणार? काठ आता कायमचा बंद होता. तिथं कोणालाही उभं करता येणार नव्हतं. राहिली होती ती खालची, आणि सोमवारी तिला काढून द्यायचं होतं. घरातून काही आवाज येतो का म्हणून तो परत थांबला. "अगं," तो म्हणाला. मिक्सरही बंद झाला होता.

मग त्याच्या हातांनी आपली नेहमीची रीत केली. बोर्ड उलटा फिरवला.

आता ती सरळ उभी होती. तिच्या मागं इमारत सरळ उभी होती, गच्च्यांची पोटं दाखवत, जरा हलती, जरा जास्त खोल. तिच्या डोक्यावर निळसर फिकट आभाळ होतं जे पाणी होतं. ती काठावर होती, या बाजूनं पाहिलं तर, आणि खाली जे काही दिसत होतं, ती कोरडी फरशी, तो पसरलेला पिवळा डाग, ते सगळं कुठलंतरी बिघडलेलं प्रतिबिंब होतं. किती जागा होती तिच्या शेजारी. ती एवढी मोकळी कशी राहिली, याचं त्याला आश्चर्य वाटलं. साऱ्या आयुष्यात, साऱ्या इमारतींसमोर, तिच्या बाजूला कोणी कधी नव्हतं. इथला कागद न दुखावलेला होता, घट्ट खळीचा. त्यानं बारीक ब्रश घेतला. राखाडी पँट, एका खांद्यावरून लोंबणारी पिशवी, जरा पोक. डोक्यावर टक्कल, त्यासाठी कागदच मोकळा सोडला. तिची आणि त्याची उंची त्यानं डोळ्यानं जुळवून घेतली. तो तिच्या कानाएवढाच वर आला. माणूस म्हणून तो तसा फार काही उंच नव्हता, हे त्याला आजच कळत होतं. दोघांच्या मध्ये त्यानं बोटभर फट ठेवली होती, लग्नाच्या फोटोत असते तशी. ब्रश धुण्याआधी ती फट बुजवून टाकली.

"चहा घेता?" ती म्हणाली. शेजारच्या खुर्चीतच होती.

फोन वाजला. रविवारचा, मुलीचा. त्यानं तो पेल्याला टेकवून उभा केला आणि दोघंही समोर वाकली. "हॅलो? बाबा? आई? अहो, कुठे आहात दोघं?" मुलीचा चेहरा पडद्यावर मोठा झाला, नाक जवळ आलं. "फोन वर करून ठेवलाय का? नुसतं छत दिसतंय. आणि ते हलतंय काय छतावर? पाणी आहे का?" "आम्ही आहोत इथं," तो म्हणाला. "अगं, समोरच आहोत," ती म्हणाली. "आवाज येतोय, पण कसा लांबून येतोय," मुलगी म्हणाली. "नेटवर्कच बेकार आहे. करते नंतर." पडदा काळा झाला. काळ्या पडद्यात ती दोघं होती.

सोमवारी त्यानं बोर्ड साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी ब्राऊन पेपर सोडला, चष्मा चढवला, पाण्यातल्या दोघांवरून नजर सरकवत तळं डावीकडून उजवीकडे पाहिलं. काठावरचा पिवळा डाग दुपारच्या उन्हासारखा दिसत होता. "वा," साहेब म्हणाले. "गेली?"

"गेली," तो म्हणाला.

साहेबांनी मान हलवली, पण दाराकडे बघून, जणू आवाज तिकडून आला. मग त्यांनी फोन उचलला, बिल्डरला सांगितलं की पाणी स्वच्छ झालं, आणि तो अजून उभा असतानाच खोलीतला दिवा मालवून जेवायला गेले.

संध्याकाळी ती दोघं तिची गोळी आणायला निघाली. औषधांच्या दुकानापाशी ती सवयीनं मागं थांबली आणि तो पुढे झाला. दार उघडलं नाही. तो एक पाऊल मागं आला, परत पुढे गेला. हात वर करून हलवला, लहान मुलं हलवतात तसा. आत काउंटरवरचा माणूस बाहेरच बघत होता. पाऊस येईल का असं बघावं तसं त्यानं आरपार पाहिलं आणि बरण्या पुसायला लागला.

"आता?" तो म्हणाला.

"आता काय, थांबू. येईल कोणीतरी, उघडेल." ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. काचेत ती दोघं स्पष्ट होती, खांद्याला खांदा लावून, स्वेटर, पिशवी, टक्कल, सगळं जागच्या जागी. त्यांच्या मागं काचेत रस्ता दिसायला हवा होता, बसचा थांबा, घरी जाणारी माणसं. मागं नुसतं फिकट मोकळं काहीतरी होतं, लांबवर, आणि ते किंचित हलत होतं. पायाला गार लागलं. त्यानं खाली पाहिलं नाही.

"दिसतोय ना पण आपण?" तिनं विचारलं.

त्यानं काचेवरून नजर काढली, मान वळवली, आणि तिच्याकडे पाहिलं.

"दिसतोय की," तो म्हणाला.